सेशन झालं, पण नीट झालं का? मुलांच्या मानसिक आरोग्याच्या प्रोग्रॅममधली फिडेलिटी आणि कौशल्य मोजायचं कसं

आमच्या प्रोग्रॅमचं मॉनिटरिंग म्हणजे पहिली दोन वर्षं फक्त एक गुगल फॉर्म होता. शाळेचं नाव, सेशन नंबर, किती मुलं हजर, एक फोटो, सबमिट. एक्सेलमधे सगळे रकाने हिरवेगार, फंडर खूश, आम्हीपण खूश. मग एकदा मी एका झेडपी शाळेत मागच्या बाकावर जाऊन बसले, म्हणजे अचानक नाही, कळवूनच गेले होते, तर आमची ताई, म्हणजे सेशन घेणारी फॅसिलिटेटर, मॅन्युअल हातात धरून अख्खं सेशन वाचून दाखवत होती, "राग आला की शरीरात काय होतं, बोला सगळे, छाती धडधडते", आणि मुलं एका सुरात "छाती धडधडतेऽऽ", पाढे म्हणतात तसं. २८ मिनिटांत सातही ॲक्टिव्हिटी उरकल्या. संध्याकाळी फॉर्ममधे टिक पडली आणि गोम अशी की ती टिक खोटी नव्हती, सेशन खरंच झालं होतं.

तर हे लिहितेय ते शाळा, आश्रमशाळा, वस्तीतले गट असं कुठेही मुलांबरोबर भावना, ताण, प्रॉब्लेम सोडवणं वगैरे सेशन्स चालवणाऱ्या आणि पाच-दहा फॅसिलिटेटर सांभाळणाऱ्या लोकांसाठी. रिसर्चवाल्यांकडे यासाठी पैसा आणि माणसं असतात, आपल्याकडे एक कोऑर्डिनेटर आणि एक ॲक्टिव्हा असते, पण तेवढ्यात बरंच करता येतं.

पहिलं म्हणजे दोन गोष्टी वेगळ्या करा, कारण सगळा घोळ इथेच होतो. एक, जे ठरलं होतं ते केलं का, म्हणजे मॅन्युअलबरहुकूम झालं का. याला सगळे फिडेलिटी म्हणतात, कुणी त्याचं भाषांतर निष्ठा करतं पण त्याने उगाच ताईच्या इमानदारीवर शंका घेतल्यासारखं वाटतं, त्यापेक्षा बरहुकूम हा जुना शब्द जास्त बरोबर बसतो. आणि दोन, जे केलं ते किती चांगलं केलं, म्हणजे कौशल्य. वर सांगितलेली ताई बरहुकूममधे पैकीच्या पैकी आणि कौशल्यात जवळजवळ नापास. याच्या उलटंही बघितलंय, एक ताई इतकी गोड बोलते की मुलं तिला सोडत नाहीत, पण तिच्या सेशनमधे मॅन्युअलमधलं निम्मंसुद्धा नसतं, गप्पा, गाणी, गोष्टी, आणि तास संपला. दोघींचा एकच मार्क काढला तर दोघी "ठीकठाक" दिसतील आणि कुणाला काय शिकवायचं ते तुम्हाला कळणार नाही. म्हणून दोन कागद, दोन मार्क. शेवटी बेरीज करायचा मोह होतो, करू नका.

शास्त्रात याचे अजून तुकडे करतात, १९९८ साली डेन आणि श्नायडर या दोघांनी पाच सांगितले होते आणि अजूनही लोक त्यावरच चालतात: बरहुकूमपणा, किती डोस (म्हणजे किती सेशन्स, किती वेळ) मिळाला, किती चांगलं दिलं, मुलांनी कितपत भाग घेतला, आणि दुसऱ्या प्रोग्रॅमपासून हा वेगळा राहिला का. पाचवा आपल्याला रोज लागत नाही. डोस मात्र सोडू नका, कारण तो मोजायला फुकट आहे आणि सगळ्यात जास्त तिथेच गळती होते. मॅन्युअलमधे ६० मिनिटं लिहिलेली असतात आणि शाळेची तासिका असते ३५ ची, त्यातली पाच मुलं गोळा करण्यात जातात. म्हणून घड्याळ लावून सुरुवात-शेवटची वेळ लिहा, आणि वर्गाची हजेरी नाही तर प्रत्येक मुलाने एकूण किती सेशन्स घेतली ते काढा. वर्गात दर वेळी ३० मुलं दिसतात पण ती तीच ३० असतात असं थोडंच आहे.

एवढा खटाटोप कशाला असं विचारणारे भेटतात, सहसा बजेटच्या मीटिंगमधे. त्यांना मी बिहारचं उदाहरण देते. तिथे 'सेहर' नावाचा प्रोग्रॅम सरकारी माध्यमिक शाळांमधे झाला, गोव्यात १९९६ ला सुरू झालेल्या संगाथ संस्थेचा, ७४ शाळा होत्या, आणि २०१८ ला लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमधे निकाल आले. काही शाळांमधे हा प्रोग्रॅम बाहेरून नेमलेल्या, खास ट्रेनिंग दिलेल्या साध्या, म्हणजे एक्सपर्ट नसलेल्या, कार्यकर्त्यांनी चालवला आणि काही शाळांमधे तिथल्याच शिक्षकांनी. प्रोग्रॅम एकच. कार्यकर्त्यांच्या शाळांमधे शाळेचं वातावरण, मुलांमधलं नैराश्य, दादागिरी सगळ्यात चांगला फरक पडला, शिक्षकांच्या शाळांमधे जवळजवळ काही नाही. आता यावरून शिक्षक वाईट असं कुणी म्हणू नका, त्यांच्या डोक्यावर काय काय कामं असतात ते आपण बघतोच, पण कागदावर एकच असलेला प्रोग्रॅम कुणाच्या हातून कसा दिला जातो यावर एवढा फरक पडत असेल तर "कसा दिला" हे न मोजून कसं चालेल.

आता कामाला लागू.

आधी बरहुकूमचा कागद बनवा. मॅन्युअल उघडून प्रत्येक सेशनसाठी स्वतःला विचारा, यातलं काय काढलं तर हे सेशनच राहणार नाही? आठ-दहा पायऱ्या निघतात, त्याच्या वर गेलात तर तुम्ही मॅन्युअलची कॉपी मारताय. उदाहरण घेते प्रॉब्लेम सोडवण्याच्या वैयक्तिक सेशनचं. दिल्लीतल्या सरकारी शाळांमधे संगाथच्याच 'प्राइड' प्रकल्पात अशी चार-पाच छोटी सेशन्स साध्या समुपदेशकांनी घेतली होती, सोबत कॉमिकसारख्या पुस्तिका, आणि लक्षात ठेवायला 'पॉड', म्हणजे प्रॉब्लेम, ऑप्शन, डू इट. तसल्या सेशनची माझी यादी साधारण अशी: मागच्या वेळी ठरलेलं करून बघितलं का ते विचारलं, मुलाने आपल्या शब्दात प्रॉब्लेम सांगितला, त्यातला ज्यावर मुलाच्या हातात काहीतरी आहे असा एकच निवडला, कमीत कमी तीन ऑप्शन मुलाकडून आले, प्रत्येकाचा फायदा-तोटा बोलले, मुलाने एक निवडला, कधी-कुठे-कसं करायचं ते ठरलं, काय अडचण येईल ते विचारलं, पुढची तारीख ठरली. नऊ झाल्या.

यात बघा, प्रत्येक गोष्ट कानाने ऐकता येते. "ताईने आपुलकीने प्रॉब्लेम समजून घेतला" अशी ओळ इथे घालायची नाही, ती कौशल्याच्या कागदावर जाते. आणि "ऑप्शन सांगितले" असं न लिहिता "मुलाकडून आले" असं का लिहिलंय तर आपल्याकडच्या ताया-सरांची सगळ्यात मोठी सवय म्हणजे उपाय स्वतःच देऊन टाकणं, मूल अजून "मला ना..." म्हणतंय तोवर यांचे तीन उपाय तयार.

मार्क देताना पूर्ण, अर्धवट, नाही आणि लागू नाही असे चार रकाने. पूर्णला १, अर्धवटला अर्धा, नाहीला शून्य, आणि लागू नाही ते भागाकारातून बाहेर. समजा मूल मागच्या वेळी नव्हतंच, मग पहिली पायरी लागू नाही, राहिल्या आठ. पाच पूर्ण, दोन अर्धवट, एक नाही, म्हणजे ५ अधिक १ बरोबर ६, भागिले ८, ७५ टक्के. बरेच लोक ८० टक्क्यांची रेघ मारतात, सोयीची आहे, पण ती काही दगडावरची नाही. माझ्या मते टक्क्यांपेक्षा दोन-तीन पायऱ्यांना लाल खूण करणं जास्त महत्त्वाचं, की ही चुकली तर बाकी ९० टक्के असले तरी सेशन परत बघायचं. वरच्या यादीत माझी लाल खूण "मुलाने आपल्या शब्दात" आणि "कधी-कुठे-कसं" यांना.

बदलांचं काय करायचं हा प्रश्न लगेच येतो, कारण फिल्डवर मॅन्युअल जसंच्या तसं कधीच चालत नाही. आमच्या एका सेशनमधे राग आवरायला ट्रॅफिक सिग्नल वापरलाय, लाल म्हणजे थांब, पिवळा म्हणजे विचार कर, हिरवा म्हणजे मग वाग. आश्रमशाळेतल्या मुलांनी सिग्नल चित्रातच बघितलेला. तिथल्या ताईने बैलाचा कासरा घेतला, कासरा ओढला की थांब, वळायचं कुठे ते बघ, मग सैल सोड. तीन पायऱ्या तशाच राहिल्या आणि मुलं डुलायला लागली. हा बदल चुकीत धरला तर तुम्ही मूर्ख आहात. पण त्याच ताईने दुसऱ्या आठवड्यात "मुलांना लिहायचा कंटाळा येतो" म्हणून घरी करून बघायचं काम काढून टाकलं, तो बदल मात्र गळती आहे, कारण करून बघण्यावरच सगळं उभं होतं. म्हणून कागदाच्या शेवटी एक मोकळी ओळ ठेवा, काय बदललं आणि का, आणि महिन्यातून एकदा बसून ठरवा की कुठला बदल सगळ्यांनी घ्यायचा, कुठला चालेल, कुठला नाही.

आता कौशल्य. इथे हातचं काही बनवायच्या आधी जे तयार आहे ते बघा. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचं 'इक्विप' म्हणून ऑनलाइन प्लॅटफॉर्म आहे, फुकट आहे, त्यावर मुलांबरोबर काम करणाऱ्यांसाठी 'वीॲक्ट' नावाचं साधन आहे ज्यात १३ कौशल्यं आहेत. त्याच्या आधीचं 'एनॅक्ट' नेपाळमधे तयार झालं, ते मोठ्यांच्या कामासाठी, आणि गट चालवणाऱ्यांसाठी 'ग्रुपॲक्ट' आहे. तिन्हींची मांडणी सारखी आणि मला ती फार आवडते कारण १ ते १० मार्क द्या असला प्रकार नाही. प्रत्येक कौशल्याच्या चार पातळ्या: पहिली म्हणजे नुकसान होईल असं वागणं, दुसरी म्हणजे मूलभूत गोष्टी थोड्या आहेत थोड्या नाहीत, तिसरी म्हणजे मूलभूत सगळ्या आहेत, चौथी म्हणजे त्याच्या वरचं. आणि पातळी मनाने द्यायची नाही, खाली लिहिलेल्या वागणुकींपुढे टिक लावायची, नुकसानकारक एक जरी टिक झाली की पातळी एक, बाकी कितीही चांगलं असो.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते सांगते. ट्रेनिंगनंतर आम्ही रोल प्ले घेतो, आमचीच एक सहकारी १३ वर्षांची मुलगी होते (खऱ्या मुलांना या कामाला बसवू नका, अजिबात नाही), तिचं स्क्रिप्ट ठरलेलं, प्रत्येक ताईसमोर तेच बोलायचं. ती येते, खाली बघत म्हणते, "मला शाळेत यायलाच नको वाटतं."

पहिली ताई: "असं नाही म्हणायचं बाळा, शिक्षण किती महत्त्वाचं आहे, तुझे आईवडील किती कष्ट करतात."

दुसरी ताई खुर्ची थोडी पुढे घेते. गप्प राहते, मी मोजलं, चार सेकंद. मग, "नको वाटतं... कधीपासून गं?"

मुलगी: "दिवाळीपासून. बसमधे एक मुलगा... तुम्ही कुणाला सांगणार नाही ना?"

दुसरी ताई: "नाही गं, प्रॉमिस. तू फक्त मला सांग."

आता द्या मार्क. खोलीतल्या सगळ्यांनी दुसरीला भरभरून दिले होते, आणि ऊब, ऐकून घेणं, मोकळा प्रश्न यात ती खरंच तिसऱ्या-चौथ्या पातळीची आहे. पण गोपनीयतेत तिची पातळी एक. का तर मुलीला त्रास होत असेल, तिच्या जिवाला धोका असेल तर ते सांगावंच लागणार आहे, २०१२ च्या पॉक्सो कायद्याने लैंगिक अत्याचाराचं कळलं की कळवणं बंधनकारक आहे, मग उद्या हेच प्रॉमिस मोडणार आणि ती मुलगी पुन्हा कुणाही मोठ्या माणसाला काही सांगणार नाही. म्हणायचं काय असतं, "तू सांगशील ते मी इतरांना सांगत फिरणार नाही, पण तुला किंवा कुणाला धोका आहे असं वाटलं तर मदतीसाठी मला एखाद्या मोठ्या माणसाशी बोलावं लागेल, आणि ते मी तुला सांगूनच करीन." आणि हे पहिल्या पाच मिनिटांत, मुलगी विचारायच्या आधी.

म्हणूनच सरासरी काढायची नाही. या ताईची १३ कौशल्यांची सरासरी काढली तर मस्त तीनच्या आसपास येईल आणि ती एकाची पातळी त्यात बुडून जाईल. आमचा नियम असा की कुठेही पातळी एक आली तर आधी ते सुटेपर्यंत मुलांबरोबर एकटं सेशन नाही, सोबत कुणीतरी बसणार. कडक वाटतो, पण ट्रेनिंगमधे दोन तास लावून सुटतो सहसा.

पहिल्या ताईचं काय? तिने नुकसान केलं का? यावर आमच्यात अर्धा तास भांडण झालं. एकजण म्हणाला हे आपल्याकडचं प्रेमाने समजावणंच आहे, प्रत्येक घरात असंच बोलतात. बरोबर आहे, घरात बोलतात, म्हणूनच तर मूल घरी सांगत नाही. शेवटी आम्ही ठरवलं की उपदेश एकदा आला आणि पुढे ऐकून घेतलं तर पातळी दोन, उपदेशात आईवडिलांच्या कष्टांची ढाल करून मुलाला गप्प केलं तर पातळी एक. हे ठरलेलं आम्ही लिहून ठेवलं, मराठी वाक्यांसकट. तुम्हीपण तुमच्या भागातली वाक्यं घाला, नागपूरकडची ताई आणि कोल्हापूरची ताई एकाच तळमळीने बोलतात पण कानाला वेगळं लागतं, कोल्हापूरचं "काय रं, काय झालं?" पुण्याच्या रेटरला, म्हणजे मार्क देणाऱ्याला, दरडावणी वाटू शकते.

मोजायला माहिती आणायची कुठून, तर चार रस्ते आहेत. सगळ्यात स्वस्त म्हणजे ताईने स्वतःच फॉर्म भरणं, आणि तो सगळ्यात फुगलेला असतो. खोटेपणा म्हणून नाही, सेशन घेताना आपण काय बोललो ते आपल्याला आठवतं तसं प्रत्यक्षात नसतंच, थेरपिस्ट लोकांवरचे अभ्यास बघितले तरी स्वतःचा अंदाज आणि रेकॉर्डिंग यात फरक निघतोच आणि बहुतेक वेळा तो स्वतःच्या बाजूने असतो. तरी मी हा फॉर्म बंद करायला सांगणार नाही, यादी रोज डोळ्यासमोर राहते हा त्याचा फायदा, फक्त त्याला माप म्हणू नका. दुसरा, वर्गात जाऊन बसणं. त्यात तुम्ही आलात की ताई साडी बदलते आणि मुलंही शहाणी होतात, शिवाय मुख्याध्यापक चहाला बोलावतात आणि अर्धं सेशन ऑफिसमधे जातं. तिसरा रोल प्ले, वर सांगितला, सगळ्यांना सारखाच प्रसंग मिळतो त्यामुळे तुलना करता येते, पण करता येणं आणि रोज करणं वेगळं. चौथा ऑडिओ रेकॉर्डिंग. खरं माप हेच, आणि सगळ्यात जास्त घोडं इथेच अडतं.

रेकॉर्डिंगचं नीट सांगते कारण यात लोक माती खातात. पालकांची लेखी संमती, आणि मुलाची स्वतःची वेगळी, "नको" म्हणालं की विषय संपला, आणि रेकॉर्डिंगला नाही म्हटलं तरी सेशन मिळणारच हे दोघांना सांगायचं. संमतीपत्रावर "गुणवत्ता सुधारणेकामी ध्वनिमुद्रण" असलं काही लिहू नका, "ताई कसं शिकवते ते आमच्या मॅडम ऐकतील, तुमच्या मुलाला मार्क नाहीत, अमुक तारखेला पुसून टाकू" असं लिहा. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ च्या खालचे सगळे मूलच धरलेत आणि पालकांची संमती मागितली आहे, तेव्हा शाळेने पत्र दिलं म्हणजे झालं असं समजू नका. व्हिडिओ नको, चेहरे येतात. संस्थेचा वेगळा फोन, लॉक असलेला, एरोप्लेन मोडवर, आणि फाइलला नावाऐवजी नंबर. फाइल व्हॉट्सॲपवर कधीच नाही, "फक्त मॅडमनाच पाठवली" हेसुद्धा नाही. एका ठिकाणी, नाव घेत नाही, रेकॉर्डिंग स्टाफच्या ग्रुपवर पडलं होतं आणि त्यात एका मुलाने वडिलांच्या दारूबद्दल सांगितलेलं, ते गावभर व्हायला दोन दिवस लागले. नंतर त्या गावातला कुणीच पालक सही करेना आणि त्यांचं बरोबरच होतं.

आणि एक, ऐकणाऱ्याला टेपमधे अत्याचाराचं, मारहाणीचं, जीव द्यायचं काही ऐकू आलं तर मार्क द्यायचे थांबवून लगेच फोन. कुणाला करायचा ते आधी लिहिलेलं असू दे, त्यात चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ पण. ताईने त्याच दिवशी कळवलं होतं का हे तपासणं हा या सगळ्यातला सगळ्यात महत्त्वाचा चेक आहे आणि तो कुठल्याच टक्केवारीत येत नाही.

किती टेप ऐकायच्या? सगळ्या शक्य नसतात, ४० मिनिटांची टेप नीट ऐकून दोन कागद भरायला मला दीड तास लागतो. दहा ते वीस टक्के ऐकणं ही साधारण पद्धत आहे. पण निवड ताईकडे देऊ नका, ती सगळ्यात छान झालेली पाठवणार, आपणही तेच केलं असतं. चिठ्ठ्या टाका. आणि प्रत्येक ताईची एक सुरुवातीची, एक मधली, एक शेवटची येईल असं बघा, कारण अवघड सेशन्स मधेच असतात आणि पहिलं ओळखीचं सेशन सगळ्यांचंच झकास होतं.

आता मार्क देणाऱ्यांचं माप काढायची वेळ. दोघांनी एकच टेप वेगवेगळी ऐकून मार्क द्यायचे आणि मग ताळा बघायचा. इथे टक्केवारी फसवते, आम्हाला चांगलंच फसवलं. "ऑप्शन मुलाकडून आले का" या एका ओळीसाठी २० टेप दोघींनी ऐकल्या. दोघी "हो" म्हणाल्या १६ वेळा, दोघी "नाही" १ वेळा, पहिली हो-दुसरी नाही २, पहिली नाही-दुसरी हो १. वीसपैकी १७ जुळले, ८५ टक्के, आम्ही टाळ्या वाजवल्या. मग आमच्याकडे इंटर्नशिपला आलेल्या स्टॅटिस्टिक्सच्या पोराने सांगितलं की 'कापा' (kappa) नावाचं माप काढा, योगायोगाने जुळलेलं वजा करून खरं किती जुळलं ते सांगणारं. म्हणजे काय, तर पहिली १८ वेळा हो म्हणते आणि दुसरी १७ वेळा, मग दोघींनी टेप न ऐकता आपापल्या सवयीने हो-हो म्हटलं असतं तरी किती जुळलं असतं? हो-हो जुळणं ०.९० गुणिले ०.८५ म्हणजे ०.७६५, नाही-नाही ०.१० गुणिले ०.१५ म्हणजे ०.०१५, एकूण ०.७८. योगायोगानेच ७८ टक्के जुळणार होतं! मग आपलं खरं कर्तृत्व ०.८५ वजा ०.७८, भागिले १ वजा ०.७८, म्हणजे ०.३२. ०.४० च्या खाली कमजोरच धरतात, ०.७५ च्या वर उत्तम. टाळ्या परत घेतल्या.

अर्थात जिथे जवळजवळ सगळीच उत्तरं "हो" असतात तिथे कापा जरा जास्तच कंजूष वागतो हेही खरं, म्हणून नुसता आकडा बघून रडत बसू नका, न जुळलेल्या तीन टेप परत एकत्र ऐका. आमच्या तीनपैकी दोनमधे भांडण एकाच गोष्टीवर होतं, ताई म्हणते "मैत्रिणीशी बोलून बघशील का?" आणि मुलगी म्हणते "हो". हा ऑप्शन मुलीकडून आला का? एकीच्या मते आला, ती हो म्हणाली ना. ठरवलं, नाही आला. ओळीखाली हे वाक्य उदाहरण म्हणून लिहिलं आणि पुढच्या वीसला ताळा सुधारला. हो-नाहीऐवजी चार पातळ्या असतील तर कापाऐवजी आयसीसी नावाचं माप काढतात, ते हाताने करू नका, कुणाकडून तरी कॉम्प्युटरवर काढून घ्या.

रेटर लोक काळाने सैल होतात, हे गृहीतच धरा. सहाव्या महिन्यात तीच ताई, तोच आवाज, ओळख झालेली, मग "तिला म्हणायचं तेच होतं" असं आपणच मनात पूर्ण करून मार्क देतो. उपाय सोपा आहे, एक-दोन टेप ज्यांचे मार्क सगळ्यांनी बसून पक्के केलेत त्या बाजूला ठेवा आणि दर दोन महिन्यांनी नव्या टेपमधे गुपचूप मिसळा. आणि जी ताई शेजारच्या टेबलावर डबा खाते तिची टेप तुम्ही ऐकायची नाही, दुसऱ्या तालुक्याच्या कोऑर्डिनेटरला द्या.

बाहेरचा एक्सपर्ट परवडत नाही म्हणून हे सगळं सोडून देणाऱ्यांसाठी गोव्याचंच अजून एक. संगाथने नैराश्य आणि दारूच्या समस्येवर काम करणाऱ्या साध्या समुपदेशकांना एकमेकांच्या टेप ऐकून मार्क द्यायला शिकवलं होतं, मुलांचा नाही मोठ्यांचा प्रोग्रॅम होता तो, २०१४ ला छापून आलं, आणि सरावाने त्यांचे मार्क एक्सपर्टच्या मार्कांशी बऱ्यापैकी जुळायला लागले. म्हणजे तायाच तायांच्या टेप ऐकू शकतात. आमच्याकडे दर दुसऱ्या शनिवारी हे होतं, एक टेप, पाच-सहाजणी, प्रत्येकीने आधी गप्प बसून आपला कागद भरायचा, मग बोलायचं, आणि पहिलं बोलायची जिची टेप आहे ती. पहिल्या वेळी जी तयार झाली ती रडली, टेप वाईट होती म्हणून नाही, स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकला म्हणून. पुढच्या शनिवारी मी माझी टेप लावली, २०१९ ची, ज्यात मी मुलाला तीन मिनिटं बोलूच देत नाही. त्यानंतर चिठ्ठ्या टाकायला कुणाची ना नव्हती.

फीडबॅक देताना एका वेळी एकच गोष्ट, आणि ती टेपमधल्या मिनिटासकट. "अजून सहानुभूती दाखव" याने कुणाचं काही सुधारत नाही. "१२ व्या मिनिटाला तो म्हणाला बाबा मारतात, आणि तू पुढच्या पानाचा प्रश्न विचारलास, तिथे काय म्हणता आलं असतं?" आणि मग तिथल्या तिथे ते वाक्य तीनदा म्हणून बघायचं, मी मूल होते, तू म्हण. पुढची टेप ऐकताना फक्त तेवढंच शोधायचं.

आणि हे मार्क पगाराला, कॉन्ट्रॅक्ट रिन्यूअलला जोडायचे नाहीत हे डायरेक्टरकडून लेखी घ्या, तोंडी नाही. ज्या दिवशी जोडले त्या दिवशी टेपा "खराब" व्हायला लागतात, फोन चार्ज नव्हता, मुलांनी नको म्हटलं, पाऊस होता. फंडरला आकडे द्यायचेत तर सगळ्यांचे मिळून द्या, एकेका ताईचे नाहीत. अपवाद फक्त मुलांच्या सुरक्षेचा, तिथे पातळी एक वारंवार आली तर ती लपवायची नाही, आणि हेही तायांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

सुरुवात करणार असाल तर जूनमधे शाळा उघडल्या उघडल्या करू नका, प्रवेश, पुस्तकं, गणवेश यात कुणाला वेळ नसतो. परवानगीची पत्रं तेव्हा द्या, रोल प्ले जुलैत, आणि पहिल्या टेपा ऑगस्टमधे, त्याही १५ ऑगस्टच्या आधी नकोत, लेझीमच्या प्रॅक्टिसमुळे काहीच ऐकू येत नाही.